उखळ, मुसळ आणि स्मृती : थेरीगाथेच्या आधारे घरकामाचा विचार

गेल्या काही दशकांत ध्यानविषयक लोकप्रिय ग्रंथांतून एक विचार वारंवार मांडला जात आहे. भांडी घासणे, केर काढणे, भाजी चिरणे, कपडे धुणे ही नित्याची कामे जागरूकपणे केली तर तीच साधना होते आणि तिच्यातूनच समाधान लाभते, असा त्याचा आशय. विहारांतील प्रवचनांतूनही हा विचार आता ऐकू येतो आणि तो बहुधा समोर बसलेल्या उपासिकांना उद्देशून सांगितला जातो. विचार आकर्षक आहे. पालि वाङ्मयात त्याला आधारही आहे. परंतु त्यात दोन भिन्न संकल्पना एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एक ‘सति’ म्हणजे स्मृती, जागरूकता. दुसरी ‘संतुट्ठि’ म्हणजे संतोष. हातातील कामाविषयी जागरूक असणे आणि ते काम आपल्याच वाट्याला का आले हा प्रश्न न विचारणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या एक मानल्या की धम्माचा उपदेश नकळत अन्यायाचे समर्थन करू लागतो. या दृष्टीने मूळ वाङ्मय काय सांगते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या तपासणीसाठी थेरीगाथेइतका योग्य ग्रंथ दुसरा नाही. खुद्दकनिकायातील या संग्रहात ज्यांनी स्वतः दळले, कांडले, पाणी भरले, रांधले अशा स्त्रियांचे उद्गार आहेत. घरकामाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कोणाचा?

थेरींनी मागे टाकलेली उखळ

थेरीगाथेत घरकामाची साधने येतात ती प्रथम बंधन म्हणून. मुत्ता थेरी आपल्या छोट्याशा गाथेत तीन वाकड्या गोष्टींतून सुटल्याचे सांगते. उखळ, मुसळ आणि कुबडा पती या त्या तीन गोष्टी. मात्र गाथा एवढ्यावर थांबत नाही. जन्ममरणापासूनही आपण मुक्त झालो, हे ती त्याच दमात सांगते. सुमंगलमाता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थेरीच्या गाथांत मुसळ आहे, निर्लज्ज पती आणि त्याचे छत्र्यांचे काम आहे, दुर्गंधी येणारे भांडे आहे. या साऱ्यातून सुटून ती वृक्षाखाली बसते आणि आपल्या सुखाचे ध्यान करते. अट्ठकथेच्या परंपरेनुसार तिचा पुत्र असलेल्या सुमंगल थेराचीही एक गाथा थेरगाथेत आहे. त्यात विळे, नांगर आणि कुदळी यांपासून सुटकेचा आनंद आहे. म्हणजे कष्टाच्या ओझ्याविषयी आईचा आणि मुलाचा अनुभव समांतर आहे. फरक इतकाच की मुलाच्या यादीत केवळ अवजारे आहेत, आईच्या यादीत अवजारांबरोबर पतीही आहे. या एका फरकात त्या काळच्या स्त्रीजीवनाचे बरेच वास्तव सामावले आहे.

इसिदासी थेरीची कथा याहून बोलकी आहे. पाटलिपुत्रात बोधी थेरीला ती आपली हकीकत सांगते. सासरी ती सासूसासऱ्यांच्या पाया पडत असे, पहाटे उठत असे, स्वतः भात शिजवीत असे, स्वतः भांडी घाशीत असे आणि आईने एकुलत्या एका मुलाची करावी तशी पतीची सेवा करीत असे. तिच्या कामात आळस नव्हता, उणीव नव्हती. तरीही पतीने तिला नाकारले. आणि हे एकदा नव्हे, तीन विवाहांत घडले. काम मन लावून केले की समाधान आपोआप मिळते, या समजुतीला इसिदासीच्या अनुभवाने मोठा धक्का बसतो. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. इसिदासी स्वतः आपल्या दुःखाचा अर्थ पूर्वजन्मींच्या कर्मांच्या आधारे लावते. सामाजिक कारणमीमांसा तिच्या तोंडी नाही. परंतु ती त्या घरात राहून समाधान मानण्याचा मार्ग स्वीकारीत नाही. ती प्रव्रज्या घेते. तिचे स्पष्टीकरण आणि तिची कृती यांतील हे अंतर अभ्यासकाने नजरेआड करू नये.

चुलीवरील भांडे आणि पाय धुण्याचे पाणी

एवढ्यावरून थेरीगाथा घरकामाला केवळ बंधन मानते, असा निष्कर्ष काढला तर तोही एकांगी ठरेल. याच संग्रहात घरातील साध्यासुध्या गोष्टी ज्ञानाचे द्वार झालेल्या दिसतात. संग्रहाची पहिलीच गाथा शांत झालेल्या रागाला भांड्यात सुकून गेलेल्या भाजीची उपमा देते. आचार्य धम्मपालांच्या परमत्थदीपनी या अट्ठकथेत या गाथेमागची कथा येते. स्वयंपाक करीत असता जाळ भडकून एका गृहिणीची भाजी तडतडत जळून गेली. तेवढ्या दृश्यावर चित्त एकाग्र करून तिने अनित्यतेचा बोध घेतला. पुढे ती दागिने घालीनाशी झाली आणि पतीने कारण विचारताच गृहवासात आता आपले मन राहिले नाही, असे तिने सांगितले. पतीने तिला महाप्रजापती गौतमींकडे नेले.

पटाचारा थेरीने पाय धुताना उताराकडे वाहत जाणारे पाणी पाहिले आणि त्यावर चित्त स्थिर केले. मग दिवा घेऊन ती विहारात गेली, शय्येवर बसली आणि सुईने वात खाली ओढली. दिवा विझला आणि तिचे चित्त विमुक्त झाले. पाय धुणे आणि दिवा मालविणे यांहून साधी कामे कोणती असू शकतील?

पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या माराच्या भीतीने ती कडाक्याच्या थंडीतही नदीवर जात असे. स्नानाने पाप धुऊन निघते, असे मानून थंडीत कुडकुडत पाण्यात उतरणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की असे असेल तर बेडूक, कासव, सुसरी साऱ्यांनाच स्वर्ग मिळायला हवा. हे पाणी आपल्या पापाबरोबर पुण्यही वाहून नेईल, असेही ती त्याला सुनावते. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि बुद्धाला शरण जातो. पाण्याचे स्वरूप पुण्णिका जाणते, कारण ते ती रोज हाताळते. तिचे कष्टच तिची दृष्टी झाले. परंतु ती पाणी भरण्यात समाधान मानते, असे गाथा कोठेही म्हणत नाही. उलट आपण भीतीने पाण्यात उतरतो, हे ती सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगते.

या उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. कोणतेही काम, कितीही क्षुद्र मानले गेले तरी, सत्य पाहण्याचे निमित्त होऊ शकते. मात्र त्यामुळे ते काम ज्या परिस्थितीत करावे लागते ती परिस्थिती न्याय्य ठरत नाही. भाजी जळण्यात अनित्यता पाहणाऱ्या स्त्रीने पुढचे आयुष्य अधिक प्रसन्न मनाने भाजी शिजवण्यात घालवले नाही. सति तिला चुलीपाशी भेटली, पण तिने तिला चुलीपाशी बांधून ठेवले नाही.

संतोष कशाविषयी?

आता संतुट्ठीकडे वळू. मंगलसुत्तात संतोषाची गणना मंगलांत केलेली आहे आणि धम्मपदाच्या सुखवग्गात त्याला श्रेष्ठ धनाचे स्थान दिले आहे. पण निकायांत संतोषाचे विवेचन येते तेव्हा त्याचा विषय ठरलेला असतो. चीवर, पिंडपात आणि शयनासन यांपैकी जे मिळेल त्यात भिक्षू संतुष्ट असतो. म्हणजे संतोष हा स्वतःच्या उपभोगाला घातलेला बांध आहे. मी किती घ्यावे याचे ते उत्तर आहे. दुसऱ्याने किती सोसावे याचे नव्हे. ज्याच्या ताटात वाढले जाते त्याने संतोष शिकावा, हा धम्म. जी वाढते तिने उरलेल्यात संतोष मानावा, असे सांगणे हा त्या उपदेशाचा विपर्यास होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विपर्यास ओळखला होता. १९५० मध्ये ‘महाबोधी’ नियतकालिकातील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, ही त्यांतील एक. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात संतोषाविषयीच्या बुद्धवचनाचा अर्थ लावताना ते स्पष्ट करतात की त्याचा अर्थ परिस्थितीपुढे नमणे असा नाही. दुःखिताने आपली स्थिती बदलण्याचा प्रयत्न करू नये, असे बुद्धांनी म्हटलेले नाही. लोभाला मर्यादा असावी, एवढाच त्याचा आशय आहे. हीच दृष्टी घरकामाला लावली तर बहुतेक गोंधळ दूर होतो.

मज्झिमनिकायातील ककचूपम सुत्तात वेदेहिकेची कथा आहे. श्रावस्तीतील ही गृहिणी सौम्य, नम्र, शांत म्हणून प्रसिद्ध होती. तिची दासी काळी कामात दक्ष होती. मालकीण खरोखरच शांत आहे की आपल्या चोख कामामुळे तिचा राग दिसत नाही, हे पाहण्यासाठी काळी मुद्दाम उशिरा उठू लागली. तिसऱ्या वेळी वेदेहिकेने दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला. भगवंतांनी ही कथा भिक्षूंना सहनशीलतेची परीक्षा समजावण्यासाठी सांगितली. परंतु घरकामाचा विचार करताना तिच्यातून आणखी एक गोष्ट दिसते. वेदेहिकेची शांती काळीच्या श्रमांवर उभी होती. दुसऱ्याच्या कष्टांवर टिकलेले घरातील समाधान हे चित्ताचे समाधान नव्हे, ती केवळ सोय होय.

संघातील केरसुणी

मग कामाची विधायक कल्पना पालि वाङ्मयात आहे का? ती आहे, आणि ती संघाच्या जीवनात आहे. सतिपट्ठान सुत्तातील संप्रजन्याच्या भागात जाणेयेणे, पाहणे, हातपाय आखडणे व पसरणे, चीवर व पात्र वागवणे, खाणे, पिणे, मलमूत्रविसर्जन, बोलणे, गप्प राहणे अशा साऱ्या क्रिया येतात. कोणतीही क्रिया जागरूकतेला अपात्र मानलेली नाही. चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात आवास झाडणे, बिछाने उन्हात घालणे, पाणी भरून ठेवणे यांचे बारकाईने नियम आहेत. शौचकूप घाण दिसला तर तेथे गेलेल्यानेच तो धुवावा, असाही नियम आहे. आपल्या समाजात हे काम जन्माने ठरवून एका समूहाच्या माथी मारले गेले. हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या नियमाचे मोल कळते. संघात क्षत्रिय कुळातून आलेला असो वा झाडूवाल्यांच्या कुळातून, केरसुणी साऱ्यांच्याच हाती होती.

याचे सर्वांत सुंदर चित्र मज्झिमनिकायात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल यांच्या सहवासाच्या वर्णनात आढळते. भिक्षाटनाहून जो प्रथम परतेल तो आसने मांडतो आणि पिण्याचे व धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येईल तो सारे आवरतो आणि भोजनस्थान झाडतो. ज्याला घडा रिकामा दिसेल तो तो भरतो. घडा एकट्याला उचलेना तर हाताच्या खुणेने तो दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून तो उचलतात. त्यासाठी मौनही मोडत नाही. येथे काम कोणाचे, हा प्रश्न उरलेला नाही. काम ज्याला दिसेल त्याचे. ही खरी सति होय. रिकामा घडा दिसणे हेच तिचे पहिले लक्षण. ज्या घरात रिकामा घडा एकाच व्यक्तीला दिसतो, त्या घरातील इतरांची सति झोपलेली आहे.

विनयात याची दुसरी बाजूही आहे. भिक्षू आपल्याशी नाते नसलेल्या भिक्षुणींकडून लोकर धुऊन, रंगवून, पिंजून घेऊ लागले, तेव्हा त्यांचे पठण, परिपृच्छा आणि उच्च शिक्षण मागे पडू लागले. महाप्रजापती गौतमींकडून हे कळताच भगवंतांनी ही प्रथा नियम करून बंद केली. आपले जुने चीवर अशा भिक्षुणीकडून धुऊन घेण्यासही भिक्षूंना मनाई होती. भिक्षुणींनी गृहस्थांची घरकामे करू नयेत, असाही नियम आहे. या नियमांमागची जाण महत्त्वाची आहे. घरकाम हे वेळ खाते आणि तो वेळ कोणाच्या तरी अध्ययनातून व साधनेतून वजा होतो. तेव्हा त्या भिक्षुणींना लोकर पिंजतानाच ध्यान करा, असे सांगितले गेले नाही. ओझेच उतरवले गेले.

अलीकडच्या ग्रंथांविषयी

घरकामातील ध्यानाच्या आधुनिक पुरस्कारामागे प्रामुख्याने दोन नावे दिसतात. जपानमधील झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाकप्रमुखासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ लिहिला. १२२३ मध्ये ते चीनला गेले असता दोन वृद्ध स्वयंपाकप्रमुखांशी त्यांची भेट झाली. त्यांतील एक जण भर उन्हात अळंबी वाळवीत होता. हे काम दुसऱ्याकडे का सोपवत नाही, असे दोगेन यांनी विचारले, तेव्हा दुसरा म्हणजे मी नव्हे, या अर्थाचे उत्तर त्याने दिले. परंतु तेन्झो हा मठातील सहा प्रमुख अधिकाऱ्यांपैकी एक असतो आणि हे पद अनुभवी व्यक्तीस दिले जाते, हे आपले उपदेशक क्वचितच सांगतात. तेथे स्वयंपाकघर हे मानाचे स्थान आहे. आपल्याकडे ते बहुधा घरातील सर्वांत कमी मान असलेल्या व्यक्तीचे स्थान असते.

व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान्ह (१९२६–२०२२) यांचे भांडी घासण्याविषयीचे विवेचन विशेष प्रसिद्ध आहे. भांडी स्वच्छ व्हावीत म्हणून नव्हे, तर भांडी घासण्यासाठीच ती घासावीत, असा त्याचा आशय. ते ज्या पुस्तकात येते ते मूळचे १९७४ मधील एक दीर्घ पत्र आहे. युद्धाने होरपळलेल्या व्हिएतनाममध्ये सेवाकार्य करणाऱ्या तरुणांच्या संस्थेतील एका सहकाऱ्यासाठी ते लिहिले गेले. शिवाय लेखकाने श्रामणेर असताना शंभराहून अधिक भिक्षूंची भांडी साबणाशिवाय, राख, तूस आणि नारळाच्या काथ्याने स्वतः घासलेली होती. हा उपदेश हात खरकट्यात घातलेल्या माणसाने आपल्याच सहकाऱ्यांना केलेला आहे. ज्याने कधी भांडे घासले नाही त्याने तो घासणाऱ्याला करावा, यासाठी तो नाही. संदर्भ गळून गेला की तेच शब्द निराळ्या अर्थाने वापरले जातात. दोष मूळ ग्रंथाचा नाही; तो वाचन-प्रवचनाच्या पद्धतीचा आहे.

आपली घरे

भारत सरकारच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया बिनमोबदला घरकामात सहभागी होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर करणारे पुरुष ९७ मिनिटे. या आकडेवारीत बौद्ध घरे निराळी दाखवलेली नाहीत. पण ती अपवाद आहेत, असे म्हणण्याचे धाडस आपण करू शकू का? बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात कोवळ्या वयाच्या सुनांच्या दळणकांडणाचे आणि सासुरवासाचे जे चित्र आहे, ते आपल्याच वस्तीचे आहे. समाजाच्या दास्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांच्या घरातील दास्य त्यांनी लपवले नाही, हे त्या ग्रंथाचे धैर्य होय.

मात्र याच जात्यापाशी आणखी एक गोष्ट घडत होती. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात बाबासाहेबांवरील आणि बुद्धावरील ओव्याही आहेत. दळणाऱ्या स्त्रीचे चित्त त्या वेळी केवळ खुंट्यावर नव्हते. ते आठवत होते, तुलना करीत होते, मुक्तीचे नाव घेत होते. ‘सति’ या शब्दाचा मूळ अर्थ स्मरण असा आहे. निकायांत सतिंद्रियाची व्याख्या करताना फार पूर्वी केलेले व बोललेलेही आठवणे, असे म्हटले आहे. त्या अर्थाने जात्यावर बसून आपल्या उद्धारकाचे स्मरण करणारी ती अनामिक उपासिका, वर्तमान क्षणापलीकडे काही आठवू नका असे सांगणाऱ्या आजच्या उपदेशापेक्षा सतीच्या अधिक जवळ होती, असे मला वाटते.

गृहस्थाश्रमात राहणाऱ्यांसाठी शेवटी खुज्जुत्तरेचा दाखला घ्यावा. कोसंबीच्या राणी सामावतीची ही दासी. रोज आठ नाण्यांची फुले आणण्याचे काम तिच्याकडे होते आणि त्यांतील चार नाणी ती स्वतः ठेवून घेत असे. धम्मपद-अट्ठकथेनुसार एके दिवशी माळ्याच्या घरी तिने बुद्धांचा उपदेश ऐकला आणि त्या दिवशी तिने साऱ्या नाण्यांची फुले आणली. राणीने कारण विचारले, तेव्हा तिने जे घडले ते सांगितले. राणीने तिला उच्च आसनावर बसवून तिच्याकडून धम्म ऐकला आणि यापुढे दासीचे काम न करता आई व आचार्या म्हणून राहण्यास सांगितले. अंगुत्तरनिकायात बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. फुले आणण्याच्या वाटेवर तिला धम्म भेटला, आणि तो घरात येताच घरातील कामाची व्यवस्थाच बदलली.

सिगालोवाद सुत्तात पत्नीकडून कामाच्या नीट व्यवस्थेची अपेक्षा आहे, हे खरे. ती त्या काळची श्रमविभागणी होय. परंतु त्याच सुत्तात पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिला अधिकार सोपवावा, आणि मालकाने नोकराला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, वेळोवेळी सुटी द्यावी, असेही सांगितले आहे. मोलकरीण ठेवणाऱ्या प्रत्येक बौद्ध घराने हा भाग विशेष वाचावा.

घरकामात स्मृती असावी आणि प्रसन्नताही असावी, याविषयी दुमत नाही. तो उपदेश घरातील सर्वांना करावा आणि त्याचा प्रारंभ ज्यांनी आजवर घडा भरला नाही त्यांच्यापासून व्हावा. वर्षावासाच्या प्रवचनमालांत थेरीगाथेबरोबर अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल यांच्या सहवासाचे प्रकरणही वाचले जावे. प्रवचन संपल्यावर विहाराची चटई गुंडाळण्यास आणि पेले धुण्यास उपासकांनी प्रथम उठावे.